कव्हर काढले की शोध लागतो?

विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या तासाला एक वाक्य आपण वर्षभर उच्चारत असतो: अमक्याने तमक्याचा शोध लावला. हर्शेलने युरेनसचा शोध लावला, एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला, कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला. तिन्ही वाक्यांची घडण सारखीच असल्यामुळे मुलांना तिन्ही गोष्टीही सारख्याच वाटतात. पण जरा थांबून पाहू. युरेनस हर्शेलच्या आधीही सूर्याभोवती फिरतच होता. फोनोग्राफ मात्र एडिसनच्या आधी जगात कोठेही नव्हता. आणि अमेरिका नुसती होतीच असे नाही, तर तेथे माणसे राहत होती, शेती करत होती, शहरे बांधत होती.

इंग्रजीत ह्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यासाठी 'डिस्कव्हर' हे क्रियापद वापरतात आणि दुसऱ्यासाठी 'इन्व्हेंट'. मराठीत दोन्हींचे काम 'शोध लावणे' एकटेच करते. ह्या शब्दांच्या पोटात काय दडले आहे ते पाहिले, तर वर्गात बोलताना आपण कोठे घसरतो हेही ध्यानात येते. म्हणून ह्या लेखात आधी शब्दांचा इतिहास पाहू, आणि मग तो मीरा-भाईंदर आणि त्याच्या शेजारच्या मुलखात तपासून पाहू.

वहीचे कव्हर आणि पृथ्वीचे आवरण

'डिस्कव्हर' ह्या शब्दाची फोड मुलेसुद्धा करू शकतात. जून महिन्यात वह्यांना कव्हर घालण्याचा उद्योग प्रत्येक घरात चालतो. 'कव्हर' म्हणजे झाकण, आणि 'डिस्' म्हणजे त्याच्या उलट. म्हणजे डिस्कव्हर करणे याचा मूळ अर्थ झाकण काढणे, उघडे करणे. उत्तरकालीन लॅटिनमधील 'डिस्कूपेरीरे' हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले, ते साधारण १३०० च्या सुमारास. त्या वेळी त्याचा अर्थ उघड करणे, गुपित फोडणे असा होता. कोणी मित्राचे गुपित शत्रूला सांगितले, तर त्याने ते डिस्कव्हर केले असे म्हणत. जे पूर्वी माहीत नव्हते ते प्रथम जाणणे, हा आजचा मुख्य अर्थ सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रूढ झाला.

जुना अर्थ बुद्धिबळाच्या पटावर अजून टिकून आहे. आपले मधले मोहरे बाजूला सरकले की मागच्या हत्तीचा किंवा उंटाचा शह राजाला आपोआप लागतो. ह्या शहाला इंग्रजीत 'डिस्कव्हर्ड चेक' म्हणतात. हत्ती तेथे आधीपासूनच होता, त्याच्यापुढचा आडोसा तेवढा गेला.

'कव्हर'च्या आणखी मागे गेलो तर आपण आपल्याच घरी येऊन पोचतो. लॅटिनमधील ज्या धातूपासून तो आला, त्याचे नाते संस्कृतातील 'वृ' ह्या धातूशी आहे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'वृ' म्हणजे झाकणे, वेढणे. ह्याच धातूपासून आपला 'आवरण' हा शब्द झाला. भूगोलाच्या तासाला आपण शिलावरण, जलावरण, वातावरण, प्रावरण असे शब्द फळ्यावर लिहितो. त्या सर्वांत हे आवरण आहे. तेव्हा डिस्कव्हर ह्या क्रियापदाचा मराठीतला सर्वांत जवळचा भाऊबंद 'शोध' हा नाही. तो आहे 'अनावरण'. पण अनावरण आपण पुतळ्यांसाठी आणि कोनशिलांसाठी राखून ठेवले आहे.

इंग्रजीतले आणखी एक क्रियापद असेच आहे. 'डिटेक्ट' म्हणजेही मुळात पांघरूण किंवा छप्पर उचलणे. गुप्तहेर कथांतला डिटेक्टिव्ह हा शब्दार्थाने घरावरचे छप्पर उचलून आत डोकावणारा माणूस होय.

आणि 'इन्व्हेंट'? त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे 'एखाद्या गोष्टीपाशी येऊन ठेपणे', म्हणजे ती सापडणे. येशूचा क्रूस सापडल्याचा जो सण ख्रिस्ती परंपरेत ३ मे रोजी पाळला जात असे, त्याच्या लॅटिन नावात हाच शब्द आहे आणि तेथे त्याचा अर्थ 'सापडणे' इतकाच आहे. म्हणजे सापडणे आणि घडवणे ह्यांतली जी भिंत आज इंग्रजीत पक्की दिसते, ती पूर्वी नव्हती. हळूहळू इंग्रजीने दोन शब्दांना दोन कामे वाटून दिली. मराठीने ती वाटणी केली नाही, म्हणून मराठी काही मागास ठरत नाही. फक्त आपल्याला वाक्य बोलताना जास्त सावध राहावे लागते.

मिठागरातील उदाहरण

शब्दार्थ पाठ करण्यापेक्षा तो एखाद्या कामाला लावून पाहिला की पक्का होतो. भाईंदर परिसराची जुनी ओळख म्हणजे तेथील मिठागरे. शहर वाढत गेले तसा हा धंदा आटत गेला. तरी खाडीलगतच्या बांधबंदिस्तीच्या चौकोनी वाफ्यांवरून तो कसा चाले ते समजते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांतला सुमारे तीन चतुर्थांश भाग म्हणजे आपले खाण्याचे मीठ, सोडियम क्लोराइड. भरतीचे पाणी वाफ्यांत घेतात आणि ते उन्हावाऱ्याने आटू देतात. पाणी जवळपास निम्म्यावर आले की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडू लागते. सुमारे पाचव्या हिश्शावर आले की जिप्सम बसते. मूळ पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला की मिठाचे स्फटिक दिसू लागतात. ते बरेचसे बाहेर आल्यावर जे पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार दाटलेले असतात, आणि ते चवीला कडू असते. तेही आटू दिले तर सगळे मीठ कडवट होते आणि दमट हवेत पाझरते. म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात केव्हा सोडायचे, मीठ केव्हा ओढायचे आणि उरलेले पाणी केव्हा काढून टाकायचे, हे जाणण्यात मिठागरावरच्या माणसाचे खरे कसब असते. आगरी समाजाचे नावही मिठाच्या आगरावरून पडले असे मानतात.

आता मुलांना विचारावे: मीठ शोधले, की बनवले? मीठ पाण्यात आधीपासून होतेच. सूर्याने वरचे पाण्याचे आवरण काढले. हा झाला डिस्कव्हर. बांध, उघडी आणि वाफ्यांची उतरती मांडणी निसर्गात नव्हती. ती माणसाने रचली. हा झाला इन्व्हेंट. पण एवढ्याने खाण्याजोगे मीठ हाती येत नाही. योग्य वेळी कडू पाणी वेगळे करावे लागते. ह्या तिसऱ्या कामाला इंग्रजीतल्या दोन्ही शब्दांत जागा नाही. मराठीत ती आहे, पण तिच्याकडे वळण्याआधी आपण खाडीपलीकडे जाऊ.

सोपाऱ्याची झाकणे

भाईंदरहून विरारकडे जाणारी गाडी वसईची खाडी ओलांडते. मग नायगाव, वसई रोड आणि तिसरे स्टेशन नालासोपारा. त्याच्या पश्चिमेस जुने सोपारे गाव आहे. तेथे एक मोठे टेकाड होते. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ह्या टेकाडाचे उत्खनन केले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांना ठाणे जिल्ह्याच्या खंडासाठी माहिती हवी होती, त्या निमित्ताने हे काम झाले.

टेकाड म्हणजे विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात विटांनी बांधलेली एक पोकळी होती. तिच्यात दगडाचा गोल करंडा होता. त्याचे झाकण काढल्यावर मधोमध तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती दिसल्या. तांब्याच्या करंड्यात चांदीचा करंडा, त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि त्याच्याही आत सोन्याचा निघाला. सर्वांत आत सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

डिस्कव्हर ह्या शब्दाचा अर्थ इतक्या अक्षरशः घडलेला प्रसंग शोधूनही सापडणार नाही. एकामागून एक झाकणे काढली जात होती. तरीही झाकणे काढणे म्हणजेच शोध, असे म्हणून आपल्याला थांबता येत नाही, कारण खरे प्रश्न तेथूनच सुरू झाले.

पहिला प्रश्न काळाचा. अवशेषांबरोबर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले. तो दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा राजा. पण आठ मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकातली मानतात. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी हा स्तूप उघडला असावा, मूर्ती आत ठेवल्या असाव्यात आणि तो पुन्हा झाकला असावा. असे असेल तर झाकण काढणारे भगवानलाल हे पहिले नव्हेत.

दुसरा प्रश्न त्या मातीच्या तुकड्यांचा. ते गौतम बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत असे मत मांडले गेले. सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण आणि त्याने बुद्धाला दिलेले निमंत्रण यांची कथा बौद्ध वाङ्मयात आहे, तिच्याशी हे जुळतेही. पण पुरावा काय सांगतो? इतक्या मोलाच्या करंड्यांत ठेवलेले तुकडे ठेवणाऱ्यांना अत्यंत पूज्य होते, एवढेच तो सांगतो. ते पात्र बुद्धाचेच होते हे त्यावरून सिद्ध होत नाही. ही दोन विधाने वेगळी ठेवणे हेच इतिहासाचे काम.

तिसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याच वर्षी सोपाऱ्यात अक्षरे कोरलेला दगडाचा एक फुटका तुकडा भगवानलालांच्या हाती लागला. त्यावर मोजकेच शब्द उरले होते. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तो भाग आहे हे त्यांनी ओळखले. राजाने मौजेच्या सहली सोडून धर्मयात्रा सुरू केल्याचे त्या लेखात सांगितले आहे. ओळखता आले ते कशामुळे? भगवानलाल जुनागढचे. तेथे गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे लेख संपूर्ण कोरलेले आहेत आणि तरुणपणापासून त्यांनी त्यांचा अभ्यास केला होता. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर देशभरचे लेख उतरवून घेण्यात त्यांची वर्षे गेली. आणि ब्राह्मी लिपी वाचता येत होती ती जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली तिचा उलगडा पूर्ण केला म्हणून. तो दगड त्याआधी कितीतरी जणांच्या डोळ्यांखालून गेला असेल. झाकण दगडावर नव्हतेच. ते पाहणाऱ्याच्या नजरेवर होते. १९५६ साली त्याच परिसरात भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा न. अ. गोरे यांना मिळाला, आणि एका बंदराला दोन लेखांची साक्ष झाली.

झाकण कोणाच्या डोळ्यांवर?

मग हाच प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या दुसऱ्या एका आवडत्या वाक्याला विचारून पाहू. वास्को द गामाने १४९८ साली भारताकडे येणाऱ्या सागरी मार्गाचा शोध लावला. पोर्तुगीज भाषेत त्या कालखंडाला जे नाव आहे ते 'डिस्कव्हर'च्याच सख्ख्या भावंडापासून झाले आहे. आपल्या भागाला हा शब्द नुसता ऐकून माहीत नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, साष्टी बेटावरही त्यांचा अंमल बसला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने तो संपेपर्यंत टिकला. आजचे मीरा-भाईंदर ह्याच साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला आहे.

पण सोपाऱ्याकडून पाहिले तर काय दिसते? पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारे 'पेरिप्लस' हे पुस्तक लिहिले. त्यात सुप्पारा आणि कल्याण ही नावे आहेत. मोसमी वाऱ्यांवर जहाजे हाकण्याची विद्या अरब, आफ्रिकी आणि भारतीय नाखव्यांना शेकडो वर्षे अवगत होती. गामालाही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मलिंदी बंदरातून पुढे आणले ते तेथे मिळालेल्या वाटाड्याने. आफ्रिकेला वळसा घालून युरोपातून थेट येणे हे खरोखरच नवे होते, आणि त्याचे परिणामही फार मोठे झाले. म्हणून वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. 'युरोपातील लोकांना भारताकडे येणारा सागरी मार्ग प्रथमच कळला' असे म्हटले की झाकण कोणाच्या डोळ्यांवर होते ते स्पष्ट होते. हा शब्दांचा कीस नव्हे. अपुरे वाक्य वर्षानुवर्षे ऐकले की मुलाची समजूत होते, की जाणणारे नेहमी दूरचे असतात आणि आपले आजोबा-पणजोबा कोणीतरी येऊन 'शोधण्याची' वाट पाहत बसले होते. मिठागरावरच्या मुलालाही तसेच वाटू लागते.

शोध म्हणजे शुद्ध करणे

आता मराठी शब्दाकडे येऊ. 'शोध' हा 'शुध्' धातूपासून आला. शुद्ध, शुद्धी, शुद्धिपत्र ही त्याचीच मंडळी. 'शोधन' म्हणजे मळ काढून टाकणे. आयुर्वेदात पाऱ्याचे शोधन करतात. 'ऋणशोधन' म्हणजे कर्ज फेडून मोकळे होणे. 'संशोधन' म्हणजे शब्दशः नीट, पूर्णपणे शुद्ध करणे. हिंदीत आजही संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण ज्याला घटनादुरुस्ती म्हणतो त्याला हिंदीत संविधान संशोधन म्हणतात. धान्य निवडताना खडा वेगळा केला की जे उरते ते आपल्याला हवे असलेले. पाखडता पाखडता हवी ती वस्तू हाती लागते, म्हणून 'शुद्ध करणे' ह्या अर्थावरून 'धुंडाळणे' आणि पुढे 'सापडणे' हे अर्थ येणे समजण्यासारखे आहे.

शिवाय मराठी क्रियापदांची जोड पाहा. आपण शोध 'घेतो', शोध 'लावतो' आणि शोध 'लागतो'. घेण्यात खटपट आहे, लावण्यात कर्तृत्व आहे, आणि लागण्यात थोडा योगायोगही आहे. इंग्रजी शब्द सांगतो की वस्तू आधीपासून होती. मराठी शब्द सांगतो की चुका काढून टाकल्याशिवाय ती हाती लागत नाही. मिठागरातले कडू पाणी काढून टाकणे आणि भिक्षापात्राच्या तुकड्यांविषयी पुराव्याइतकेच बोलणे ही दोन्ही शोधनाची कामे आहेत.

विज्ञानातले एक उदाहरण देऊ, कारण तेही मिठाशी जोडलेले आहे. ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले की ती पिवळी होते. हा सोडियमचा रंग. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली भारतावरून गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती, आणि ती सोडियमची असेल असे वाटणे साहजिक होते. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाही, अशा ज्वाळांचा वर्णपट पाहिला. रेषेची जागा काटेकोर मोजली तेव्हा ती सोडियमच्या जागी बसेना. 'सोडियम' हा समज बाजूला करावा लागला आणि नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर ते रॅम्से यांना एका खनिजात मिळाले ते १८९५ साली. तेव्हा हेलियमच्या शोधाची एकच तारीख कोणती सांगणार?

ह्या कथेवर आपल्याकडे एक पुटही चढले आहे. लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला असे पुष्कळदा सांगितले आणि छापले जाते. लॉकियर विजयदुर्गास आले होते हे खरे, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. १८६८ मध्ये ते इंग्लंडमध्येच होते. दोन ग्रहणे एकमेकांत मिसळली. विजयदुर्गाचा १८९८ चा खरा मान काही कमी नाही. त्याला उसना मान चिकटवण्याची गरज नाही. असे पूट खरवडून काढणे हेही 'शोध' ह्या शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच आहे.

वर्गात ह्याचा उपयोग सोपा आहे. पाठ्यपुस्तकातील 'शोध लावला' असलेली पाच वाक्ये मुलांना निवडायला सांगावीत. प्रत्येक वाक्याबाबत विचारावे: ती गोष्ट आधी होती का? ती कोणाला माहीत होती आणि कोणाला नव्हती? कोणता चुकीचा समज दूर करावा लागला? उत्तरे मिळाल्यावर ते वाक्य मुलांनीच पुन्हा लिहावे. सोबत समुद्राचे पाणी एका पसरट बशीत घालून खिडकीत ठेवावे. काही दिवसांनी तळाशी काय दिसते, शेवटच्या ओलसर थेंबांच्या जागी काय उरते आणि मधल्या कोरड्या भागात काय, हे भिंगातून पाहून मुलांना वहीत लिहू द्यावे. त्या नोंदीला 'आम्ही मिठाचा शोध लावला' असे शीर्षक द्यावे की नाही, ह्यावर वर्गात चांगला वाद होईल.